नळाचा वार: छत्रपती संभाजीनगरच्या कामांचे घरोघरचे अनुभव

आमच्या शहराच्या बातम्या हल्ली कोटींत आणि किलोमीटरमध्ये येतात. जायकवाडी धरणावरून येणारी नवी पाणी योजना आधी १,६८० कोटींची होती, ती २,७४० कोटींवर गेली. शेंद्रा-बिडकीनला दहा हजार एकरांच्या घरात ऑरिक ही उद्योगनगरी उभी राहतेय. समृद्धी महामार्ग शहराच्या अंगावरून गेला. मी या सगळ्या बातम्या वाचतो, कात्रणं काढून ठेवतो. परवा असंच एक कात्रण कापत बसलो होतो, तर आई म्हणाली, "यातलं आपल्या नळाला कधी येणार रे?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून विचारतोय. यातलं एखादं काम तुमच्या उंबऱ्यापर्यंत कसं आलं, तेवढंच लिहा. पाइपलाइन, रुंदीकरण, गुंठेवारी, फ्लॅट, गेलेली जमीन, मिळालेली मजुरी, काहीही चालेल. कोणता पक्ष काय म्हणाला ते नको. स्वतः पाहिलेलं, भोगलेलं हवं.

सुरुवात मी करतो. वडील १९८६ साली वाळूजला लागले. बजाजचा कारखाना तिथे नुकताच सुरू झाला होता आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्या कंपन्या येत होत्या, त्यांतल्या एकीत. सिडकोत एन-९ला दोन खोल्यांचं घर घेतलं. मी शाळेत असताना नळ रोज यायचा. आई अंगणात सडा टाकायची आणि मोगऱ्याच्या आळ्यात उरलेलं पाणी सोडायची. १९९१च्या जनगणनेत शहर ५.७३ लाखांचं होतं, २०११ला ११.७५ लाखांचं झालं. मोठी लाईन मात्र तीच राहिली.

आता नळ रोज येत नाही, त्याचा 'वार' असतो. आई कालनिर्णयावर त्या दिवशी निळी फुली मारते. पाहुण्यांना कधी बोलवायचं, चादरी कधी धुवायच्या, बहिणीचं बाळंतपण झाल्यावर तिला दवाखान्यातून कोणत्या दिवशी आणायचं, हे सगळं त्या फुलीवर ठरलंय. मोगरा २०१६ला वाळला. आळं अजून आहे.

निवृत्त लाईनमन, सिडको

तीस वर्षं चावी फिरवली. लोकांना वाटतं, लाईनमननं चावी फिरवली की पाणी येतं. पाणी टाकीत असेल तर येतं. धरण शहरापेक्षा शंभरेक मीटर खाली आहे, त्यामुळे प्रत्येक थेंब पंपानं चढावर ढकलावा लागतो. जायकवाडीहून फारोळ्याला येऊन शुद्ध होतं, तिथून नक्षत्रवाडीच्या टेकडीवर, आणि तिथून पुढे उतारानं शहराच्या टाक्यांत. ७०० मिलिमीटरची लाईन सत्तरच्या दशकातली, १४०० मिलिमीटरची नव्वदच्या सुरुवातीची. माझ्या काळात सगळा भार या दोघींवर होता.

पैठणकडे, म्हणजे धरणावरच्या पंपांची, दोन तास वीज गेली की शहरात अख्खा दिवस पुढे सरकतो, हे लोकांना पटायचं नाही. पण लाईन रिकामी झालेली असते. तिच्यात हवा भरते. पंप एकदम जोरात लावले तर जुना पाइप कुठेतरी फुटणार. म्हणून हळूहळू भरायची. मग टाकीची पातळी येत नाही, मग आज ज्यांचा वार आहे त्यांचा उद्या.

आमच्या एका व्हॉल्वला चौतीस आटे होते. पहाटे तीनला मी लांब दांड्याची चावी लावायचो. पाणी चालू झालं की दांडी हातात बारीक गुणगुणते. हवा असली की धडधडते. अंधारात मला बॅटरी लागायची नाही, हातालाच कळायचं. कधी चौतीस आटे उघडूनही दांडी गप्पच राहायची. त्या दिवशी गल्लीतून परत जाताना बायका दारात उभ्या असायच्या. "दादा, आज आमचा वार होता ना?" असं विचारायच्या. शिव्या देणारे विसरलो, हा प्रश्न विसरलो नाही.

वेल्डर, पैठण तालुका

वरच्या काकांचं वाचून लिहावंसं वाटलं. नव्या लाईनवर मी अकरा महिने होतो. पाइप २५०० मिलिमीटरचा आहे, म्हणजे अडीच मीटर. मी आत उभा राहून हात वर केला तरी वर टेकत नाही. ढोरकीन, बिडकीन, चितेगाव अशी पैठण रोडच्या कडेकडेनं लाईन येते. जोड बाहेरून एकदा आणि आतून एकदा मारावा लागतो. बाहेरचं काम सोपं. आतलं काम मे महिन्यात म्हणजे तवा असतो. एका टोकाला मोठा पंखा लावायचे, तरी धूर लवकर निघायचा नाही. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर लिंबाखाली.

काम का रेंगाळतं, ते मी खालून पाहिलंय. कुठे खडक लागतो, सुरुंग लावायला परवानगी लागते. कुठे रस्त्याचं आणि पाइपाचं काम एकाच पट्ट्यात येतं. पाऊस लागला की काळ्या मातीचा चर दोन्ही बाजूंनी ढासळतो, आणि खाली उतरवलेला पाइप पाण्यावर तरंगायला लागतो. हो, एवढा जड पाइप तरंगतो, कारण आत हवा असते. आम्ही एका रात्रीत तीन पाइप पुन्हा जागेवर आणलेत.

माझी बहीण मुकुंदवाडीत दिलेली आहे. तिला मी सांगून ठेवलंय की तुझ्या हंड्यात येणारं पाणी माझ्या जोडावरून येणार आहे. जोड मारताना ही गोष्ट डोक्यात असायची.

शिवणकाम करते, जयभवानीनगर

आमची जागा वीस बाय तीस फूट. १९९८ला आईनं बॉन्डवर, म्हणजे नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतली. इकडे सगळे 'बॉन्डचा प्लॉट' असंच म्हणतात. शेतीचे तुकडे पाडून विकलेले, एन.ए. म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, तुकडेबंदीच्या कायद्यामुळे रजिस्ट्री होत नव्हती, सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचंच. बाबा चिकलठाण्याच्या कंपनीत रोजंदारीवर. सिडकोचं घर परवडण्यातलं नव्हतं. कंपनीत जाणारी शेकडो माणसं अशीच वीस-तीसमध्ये राहिली, आणि त्यातूनच हे अर्धं शहर झालं.

२००१ला गुंठेवारीचा, म्हणजे असे प्लॉट नियमित करायचा, कायदा आला तेव्हा घरात पैसा नव्हता, फाइल राहिली. २०२१ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. बाबा तोवर गेले होते. मी ठरवलं, आता करायचंच.

आईनं बॉन्ड ट्रंकेतून काढला. हळदीकुंकवाच्या डब्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, वर जुनी साडी. घडीवर फाटला होता म्हणून आईनं कधीतरी भाताची पेज लावून मागून पतंगाचा हिरवा कागद चिकटवला होता. चार ठिकाणी. बाबांची सही एका घडीवर अर्धी गेलेली. लाइट बिल, घरपट्टीच्या पावत्या, आर्किटेक्टचा नकाशा, सगळं जमलं. मोजायला आलेल्या मुलानं टेप लावली आणि म्हणाला, ताई, तुमची मागची भिंत शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये सहा इंच आहे. माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी तिथूनच विचारलं काय झालं. मग त्या आत गेल्या, काकांना घेऊन आल्या आणि काका उभ्या-उभ्या म्हणाले, लिहून देतो, भिंत आहे तिथे राहू द्या. बावीस वर्षांत आमची त्यांच्याशी नाल्याच्या पाण्यावरून तीनदा भांडणं झाली होती.

शुल्क भरायला आईची एकदाणी मोडली. कागद हातात आला त्या दिवशी आईनं तो वाचून घेतला माझ्याकडून, दोनदा. मग विचारलं, "म्हणजे आता पाडणार नाहीत ना?" गेल्या उन्हाळ्यात जवळच्या रस्त्यांवर रुंदीकरणासाठी जेसीबी आले तेव्हा तिनं तो कागद दिवसभर कमरेला खोचलेल्या पिशवीत ठेवला होता. आमचं घर रस्त्यात नव्हतं. ज्यांचं होतं, त्यांच्या घरातला फ्रीज दोन दिवस आमच्या ओट्यावर होता.

सेंटरिंग काम, मूळ गाव भोकरदनकडचं

मी सांगतोय, लेक लिहून घेतंय. एकवीस वर्षं झाली या शहरात. सकाळी साडेसातला अड्ड्यावर उभं राहायचं. गाडी आली की बसायचं.

मला पाण्याचंच सांगायचंय. स्लॅब भरला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. वर मातीची आळी करून पाणी साचवायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं. सात दिवस तर पाहिजेच, चौदा झाले तर लई चांगलं. पण एप्रिल-मेमध्ये टँकर महागतो. मालक म्हणतो, दोन दिस मारलं, बास झालं. मी म्हणतो, साहेब, तडे जातील. ऐकणारे ऐकतात. न ऐकणाऱ्याच्या स्लॅबला चौथ्या दिवशी केसावानी रेघा दिसायला लागतात, माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. तुम्ही घर बांधत असाल तर उन्हाळ्यात स्लॅब टाकू नका, आणि टाकला तर स्वतः जाऊन आळ्यात बोट बुडवून बघा.

दुसरं, बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात नाव घालायला नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. अड्ड्यावरचा माणूस चार दिवस इथं, सहा दिवस तिथं. सही कुणाची आणायची? दोन वर्षं लागली मला. नाव लागलं त्याच साली पोरीला शाळेचे पैसे मिळाले. ज्यांनी घातलं नसेल त्यांनी घाला.

बेगमपुरा

आमच्याकडे थत्ते हौद आहे. आजोबा नहरीचं, म्हणजे जमिनीखालून आणलेल्या जुन्या पाटाचं पाणी प्यायलेले. मलिक अंबरनं सतराव्या शतकात या शहराला नहरीनं पाणी आणलं, पुढे आणखी नहरी झाल्या, पाणचक्की त्यांतल्याच एकीवरची. सगळं उतारानं, एक पंप नाही. काही वर्षांमागे आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी खोदलं, तेव्हा कुदळ खापराच्या नळाला लागली. आतून स्वच्छ, गार पाणी वाहत होतं. आमच्या शेजारचे चाचा खड्ड्यात उतरून ओंजळीनं प्यायले. संध्याकाळपर्यंत तिथे माती टाकून वर काँक्रीट झालं होतं. कुणीतरी थांबवायला हवं होतं, आणि मीही तिथेच उभा होतो, याचं वाईट वाटतं.

बिडकीनजवळचं गाव

साडेचार एकर गेली आमची. मोसंबी होती, दोनशे दहा झाडं. मोबदला मिळाला, खोटं कशाला बोलू. तीन भावांत वाटे झाले. एकानं पुढे लांब जमीन घेतली, एकानं गाडी आणि घर, आमच्या मालकांनी बँकेत ठेवले आणि तेच बरं झालं. झाडं आम्हीच तोडली. सासूबाई त्या दिवशी माहेरी निघून गेल्या, आठ दिवस आल्या नाहीत.

आता तिथे रुंद रस्ते आहेत, रात्री दिव्यांची रांग लागते. बरीच वर्षं त्या दिव्यांखाली मेंढरंच बसायची. २०२४ला टोयोटा किर्लोस्कर, एथर यांची नावं आली आणि गावात एकदम हालचाल सुरू झाली. माझी मुलगी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल करतेय. तिनं ठरवलंय की नोकरीला लागायचं तर इथेच, आपल्या वावरात. तिला बांध कुठे होता ते अजून आठवतं. मला एवढंच मागायचंय की आमच्या पोरांना गेटवरच्या कामापलीकडचं काम मिळावं.

फ्लॅटधारक, देवळाई

बीड बायपासच्या पलीकडे २०१७ला फ्लॅट घेतला. माहितीपत्रकात चोवीस तास पाणी होतं. बिल्डरनं दिलेले दोन्ही बोअर तिसऱ्या उन्हाळ्यात आटले. तेव्हापासून चोवीस घरांची आमची सोसायटी टँकरवर आहे. हिशेब माझ्याकडे असतो. उन्हाळ्यात देखभाल खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा पाण्याला जातो. बायपास रुंद झाला, उड्डाणपूल झाले, आणि हे मनापासून सांगतो की त्यानं जीव वाचले. पूर्वी मुलं शाळेतून येईपर्यंत आम्ही गॅलरीत उभे राहायचो. नव्यानं फ्लॅट बघणाऱ्यांना एकच सांगणं: मे महिन्यात जा, सकाळी सहाला जा, आणि गेटवर टँकर किती येतात ते मोजा.

सातारा परिसर, आपल्याच शहरातला

मी पासष्ट वर्षांची आहे, नातू टाइप करून देतोय. आमच्या गल्लीत नव्या लाईनची नळी टाकून गेले. काळी आहे, तिच्यावर निळी रेघ आहे. आमच्या दाराशी एक हातभर तुकडा वर काढून ठेवलाय. माती जाऊ नये म्हणून मुलानं तोंडाला दुधाची पिशवी बांधली आणि रबर लावलं. पहिली पिशवी उन्हानं फाटली. दुसरी मी बांधली. रोज अंगण झाडताना तिच्यावरची धूळ पुसते आणि रबर सैल झालंय का ते बघते.