बॅलन्शीनचे बॅले गुंडाळून ठेवायचे?

तिसरी_घंटा
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की बॅले बसवणारा रशियन-अमेरिकन नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीन म्हणजे 'हडकुळ्या पोरींचा हुकूमशहा', त्याने उभ्या केलेल्या न्यूयॉर्क सिटी बॅले कंपनीने त्याची कामं आता गुंडाळून ठेवावीत. चार ओळींत माणूस निकालात! डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

काय काय गुंडाळणार ते तरी बघा. 'सेरेनेड' १९३४चं, अमेरिकेत आल्यावरचं पहिलं, तेही त्याच्या बॅलेशाळेतल्या विद्यार्थिनींवर बसवलेलं. तालमीला १७ जणी आल्या, म्हणून १७ जणींची रचना. एक उशिरा आली, एक पडली. दोन्ही त्याने नाचात ठेवलं. राजपुत्र नाही, शापित हंस नाही. चायकोव्हस्कीचं संगीत हीच काय ती गोष्ट. आणि १९५७ साली, अमेरिकेतल्या लिटल रॉकमध्ये काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत सोडायला सैन्य आणावं लागत होतं तेव्हा, 'अगॉन'मध्ये काळा आर्थर मिचेल आणि गोऱ्या डायना अ‍ॅडम्सला एकमेकांत गुंतवून नाचवणारा हाच. ओसेज आदिवासी वडिलांची मारिया टॉलचीफ अमेरिकेची तारका झाली, तीही याच्याच रचनांवर.

सायली_न्यूजर्सी
टॉलचीफशी त्याचं लग्न झालं होतं, हे सोयीस्कर विसरलात. तमारा गेवा, व्हेरा झोरिना, टॉलचीफ, तानाक्विल लक्लेर. चारही बायका त्याच्या बॅलेंत नाचणाऱ्या! त्याचा जीव जिच्यावर जडला ती नर्तकी सुझन फॅरेल त्याच्याहून ४१ वर्षांनी लहान. तिने १९६९मध्ये कंपनीतल्याच पॉल मेहियाशी लग्न केलं आणि नवरा-बायको दोघंही कंपनीबाहेर. ती ब्रसेल्सला मॉरिस बेजार या नृत्यरचनाकाराकडे गेली. हाडं दिसली पाहिजेत असा त्याचा आग्रह असे, हे त्याच्याच कंपनीत नाचलेल्या गेल्सी कर्कलंडने आत्मचरित्रात लिहिलंय.

माझ्या मुलीला इथल्या बॅले क्लासात बाईंनी सगळ्यांदेखत पोटावरून बोलून घेतलं. आठवीतली पोर, डबा न्यायची बंद झाली. हा वारसा. संगीत हीच गोष्ट वगैरे तुम्हालाच लखलाभ.

अनाहूत
मुलीचं वाईट वाटलं. पण सगळं खापर बॅलन्शीनवर? माझ्या बहिणीला भरतनाट्यमच्या गुरू म्हणायच्या, "ही अरैमंडी आहे की गोणी ठेवलीय?" (अरैमंडी म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं.) त्यांनी बॅलन्शीनचं नावही ऐकलं नसणार. वर अरंगेत्रमचा, म्हणजे पहिल्या जाहीर एकल कार्यक्रमाचा खर्च. हॉल, मृदंगमवाले, साड्या, गुरुदक्षिणा. बाबांनी पीएफमधून उचल घेतली.

कोरडा_पाऊस
अरंगेत्रमचा विषय निघालाच आहे तर... आमच्याकडे ह्यूस्टनला लग्नासारख्या पत्रिका छापतात. नाच दोन तास, जेवणावळ तीन तास.

पडद्यामागून
तुम्हाला कुणी धरून बसवलं होतं? गुरूने वर्षानुवर्षं शिकवायचं, मृदंगमवाल्याने चेन्नईहून यायचं, आणि पैसे काढताना यांच्या पोटात दुखणार! मी स्वतः नट्टुवांगम करते, म्हणजे झांजा वाजवत, बोल म्हणत नाचाला ताल देते. रात्री दीडला झांजा पिशवीत टाकून घरी जाते, तेव्हा विचारायला कुणी येत नाही.

कोरडा_पाऊस
फुकट वाजवा असं कोण म्हणालं? हिशेब मागितला की गुरुद्रोह होतो, एवढंच खटकतं.

अनाहूत
अगदी. आमच्या बाबांनी एकदाच विचारलं, तर पुढचा महिनाभर बहीण मागच्या रांगेत.

पडद्यामागून
एका गुरूवरून सगळ्यांना झोडपा. छान.

तिसरी_घंटा
अहो, धागा कशावर आहे? सायली, फॅरेल १९७५मध्ये परत आली, आपणहून. पुढे तिच्यासाठी त्याने 'व्हिएन्ना वॉल्ट्झेस'मध्ये भूमिका रचली. 'डॉन किहोते' हा बॅले त्याने मृत्युपत्रात तिच्या नावे केला. लक्लेरला १९५६मध्ये कोपनहेगनला पोलिओ झाला, पाय कायमचे गेले. घटस्फोट झाला तरी कितीतरी बॅलेंचे हक्क तिला मिळाले. आणि बारीकपणाचं म्हणाल, तर १९४०च्या दशकातले फोटो काढून बघा. चांगल्या भरल्या अंगाच्या मुली तेच 'सेरेनेड' नाचताहेत. त्या नाचाला हाडं लागत नाहीत.

सायली_न्यूजर्सी
म्हणजे नाचाची गरज नव्हती, साहेबांची हौस होती. मग तर जास्तच वाईट! माझाच मुद्दा मांडलात, आभार. आणि मेल्यावर हक्क देण्यात कसलं औदार्य? तरुणपणी लग्न केलं म्हणून नोकरी गेली, ती वर्षं कोण देणार?

तिसरी_घंटा
हौसच होती, मान्य. म्हणूनच सांगतेय, हौस फेका आणि नाच ठेवा. मिचेलने तेच केलं. १९६९मध्ये डान्स थिएटर ऑफ हार्लेम काढलं, काळ्या नर्तकांना घेऊन बॅलन्शीनचेच बॅले केले. तिथे शिकवायला कोण? व्हीलचेअरवर बसून लक्लेर. त्या दोघांना नाही सुचलं गुंडाळून ठेवायचं.

सायली_न्यूजर्सी
बरं बाई, मिचेल तुमचा. 'अगॉन'ही घ्या. पण क्लासच्या भिंतीवर त्याचा फोटो लावून पोरींची पोटं मोजणाऱ्या बाईंना हे कोण सांगणार? तुम्ही येता?

तिसरी_घंटा
येते की. तिकीट काढा.

कोरडा_पाऊस
@अनाहूत, हॉलवाल्याने डिपॉझिट परत दिलं का, ते राहिलंच.