'फिल्डिंग लावली', 'पटवली' : हे शब्द तुम्हाला कसे ऐकू येतात?

कऱ्हाडचा पाहुणा:
परवा मामेभावाचा साखरपुडा झाला. जेवणाआधी त्याच्या मित्राने माईक घेतला आणि म्हणाला, "आमच्या भावानं दोन वर्षं फिल्डिंग लावली तेव्हा कुठं वहिनी पटल्या!" हॉलमध्ये टाळ्या शिट्ट्या, नवरी पण हसली. पण माझ्या शेजारी बसलेल्या आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. येताना गाडीत दोन तास हाच विषय. आत्याचं म्हणणं, 'पटवली' म्हणजे फसवून गळाला लावली, चारचौघांत असं बोलतात का. धाकटी बहीण म्हणाली 'पटवली' ठीक आहे, मला 'फिल्डिंग' ऐकून कसंतरी झालं. आणि मला दोन्हीत काहीच खटकलं नव्हतं, आम्ही कॉलेजात रोज हेच बोलायचो. एकच वाक्य आणि तीन जणांना तीन अर्थ. तुम्हाला काय वाटतं ते खरं सांगा.

डेक्कनचा जुना भिडू:
काहीही खटकण्यासारखं नाही यात. आमच्या वेळी, म्हणजे १९९८ ची गोष्ट, मोबाईल नव्हते, ती कुठल्या पीएमटीनं येते हे कळायलाच पंधरा दिवस जायचे. एक मित्र कँटीनपाशी, एक लायब्ररीच्या पायऱ्यांवर, एक सायकल स्टँडला, आणि मी स्टॉपवर, याला आम्ही फिल्डिंग म्हणायचो. ती दिसली की पोटात गोळा यायचा आणि मी तिकीट चाचपत उभा राहायचो, तीन वर्षांत एक शब्द बोललो नाही तिच्याशी. यात कुणाला काय त्रास झाला? त्या शब्दात आमचा सगळा भित्रेपणा आणि मित्रांचा जीव आहे, त्याला घाण अर्थ चिकटवू नका ही हात जोडून विनंती.

मिरजेची मी:
दादा, तुमच्यावर वैयक्तिक राग नाही पण त्रास कुणाला झाला ते मी सांगते. मी मिरजेहून सांगलीला कॉलेजला जायचे, सकाळी ७:१० ची बस. स्टँडवर तिघं उभे असायचे. एक चौकशीच्या खिडकीपाशी, एक रसवंतीला टेकून, तिसरा मी ज्या रांगेत त्या रांगेत मागं. बोलायचे नाहीत, हात लावायचे नाहीत, फक्त मी आले की एकमेकांना खूण करायचे. चार महिने. तेही याला फिल्डिंगच म्हणत असणार आणि त्यांच्या मते तीही गोड आठवण असेल. मी शेवटी ६:२० ची बस धरायला लागले, हिवाळ्यात अंधारात घरातून निघायचे, बाबांना सांगितलं लवकर लेक्चर असतं. घरी खरं सांगितलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं माझं. तुम्ही काही बोलत नव्हता म्हणूनच तर तिला 'नाही' म्हणायची पण सोय नव्हती ना.

डेक्कनचा जुना भिडू:
ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच, त्यात दुमत नाही. पण ती टवाळखोरी, तिला छेड काढणं म्हणतात. फिल्डिंग वेगळी.

मिरजेची मी:
वेगळी आहे हे स्टॉपवर उभ्या असलेल्या मुलीनं कशावरून ओळखायचं?

व्याकरणवेडा:
'पटवणे' वर बोलतो. मुळात शब्द 'पटणे'. "मला पटलं" म्हणजे माझं मन वळलं, नवरा बायकोचं "पटतं" म्हणजे जमतं. गोव्याला जायला आईला पटवतो, उधारीसाठी दुकानदाराला पटवतो. म्हणजे समोरच्याची संमती त्या शब्दातच आहे, जबरदस्ती असेल तिथं आपण 'पटवली' म्हणतच नाही. आत्याबाईंना फसवणूक ऐकू आली कारण त्यांच्या पिढीत प्रेमात पडणं म्हणजेच फसणं होतं.

सातारी झणका:
अर्धं बरोबर. आईला पटवतो तेव्हा विषय गोव्याचा असतो, इथं विषय ती मुलगीच आहे. आणि बाकीचे शब्द पण बघा जरा शेजारी ठेवून. पोरगा 'लाईन मारतो' हे तो स्वतः मिरवत सांगतो, पोरगी 'लाईन देते' म्हटलं की तिच्या घरापर्यंत बोंब जाते. तिला इंटरेस्ट नसला तर ती 'भाव खाते' नाहीतर 'भाव देत नाही', म्हणजे तिचं साधं सरळ नको असणं यालासुद्धा आपण नखराच म्हणतो. तिच्या नकाराला या अख्ख्या बोलीत एक धड शब्द नाही!! मला या गोष्टीचा फार त्रास होतो, आणि मी स्वतः हे शब्द वीस वर्षं वापरलेत.

नागपूरकर पोट्टा:
आमच्याकडे "लाईन मारून राहिला" म्हणजे निस्ता बघून राहिला. एवढं कायले ताणता.

काळा कोट:
ताणावं लागतं कारण कोर्टातही याच शब्दांवर खल होतो. मुंबईत एका शाळकरी मुलीला 'आयटम' म्हणून तिचे केस ओढले होते, २०१५ ची घटना, त्यात दिंडोशीच्या पॉक्सो कोर्टानं (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचे खटले चालवणारं कोर्ट) २०२२ मध्ये दीड वर्षाची शिक्षा दिली आणि 'आयटम' हा शब्द मुलीला वस्तू ठरवणारा आहे असं म्हटलं. उलट २०२५ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं नुसतं 'आय लव्ह यू' म्हणण्यात लैंगिक हेतू धरता येत नाही म्हणून एकाला सोडलं, ती मुलगीही अल्पवयीनच होती. म्हणजे शब्द एकटा बघत नाहीत, सोबत काय केलं ते बघतात. पाठलागाचा गुन्हा २०१३ मध्ये कायद्यात आला, आता तो भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. मुलीनं स्पष्ट नाराजी दाखवूनही मागे जाऊन वारंवार संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं, पहिल्यांदा सिद्ध झालं तर तीन वर्षांपर्यंत कैद. आता मिरजेच्या ताईंचा मुद्दा इथंच अडकतो, जो बोलतच नाही त्याला नाराजी दाखवायची कशी, हा प्रश्न मला अशील मुलींनी खूपदा विचारलाय.

एफवायची पोरगी:
आमच्यात 'लाईन मारणे' कोणी म्हणत नाही, काकालोकांचा शब्द वाटतो. आम्ही फ्लर्ट म्हणतो, त्यात वाईट काही नाही, दोघांना मजा येत असेल तरच ते फ्लर्ट. पण हेच मी घरी बोलले तर आजी म्हणते 'फ्लर्ट' म्हणजे चालू मुलगी. आणि फिल्डिंग आता पण आहे फक्त इन्स्टावर, सगळ्या स्टोऱ्या पहिल्या मिनिटात बघणारा एक असतोच, मेसेज कधीच नाही.

कऱ्हाडचा पाहुणा:
अपडेट देतो. काल होणाऱ्या वहिनीशी फोनवर बोललो, सरळच विचारलं तुम्हाला वाईट वाटलं का. फिल्डिंगचं नाही वाटलं म्हणाल्या, त्याला बघायला त्या स्वतःच मुद्दाम जिन्यावरून जायच्या. पण 'पटल्या' हे लागलं म्हणाल्या. कारण भावाला विचारलं त्यांनी होतं. आधी. पावसात टपरीवर चहा पिताना, आणि आमच्या भावानं हो म्हणायला आठ दिवस घेतले. हॉलमध्ये हसल्या कारण सासरची माणसं समोर होती.

डेक्कनचा जुना भिडू:
मग मित्राला आतली गोष्ट माहीत नव्हती एवढंच. यात शब्दाचा काय दोष?

मिरजेची मी:
माहीत असती तर "वहिनींनी दोन वर्षं फिल्डिंग लावून आमच्या भावाला पटवला" असं तो माईकवर म्हणाला असता का दादा? आणि म्हणाला असता तर त्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या असत्या का?