सॅम्पल : नमुना, उचल की कात्रण?

भाषांतरवाली : बीस्टी बॉइज या न्यूयॉर्कच्या रॅप गटाच्या 'लायसन्स्ड टू इल' (१९८६) या अल्बमवरचा लेख मराठीत आणतेय. पहिल्याच गाण्यात लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९७१च्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधला त्यांचा ड्रमर जॉन बॉनम याचा ठेका थेट रेकॉर्डवरून घेतलाय, वर ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडची गिटार. असा दुसऱ्याच्या रेकॉर्डवरून घेतलेला तुकडा म्हणजे सॅम्पल; त्याला मी 'नमुना' लिहिलं. दादा म्हणाला, नमुना सातबाऱ्याचा असतो. मग काय लिहू?

जुनीवही : 'उचल' लिहा. चाल उचलणे हा आपला जुना प्रयोग. आजोबांकडच्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असं छापलेलं असे. त्यात कुणाला चोरी दिसली नाही.

डग्गा : नाही पटत. चाल उचलली तरी वाजवणारा नवा असतो. इथे खुद्द बॉनम वाजतोय! इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या हॉलमध्ये ड्रम, माइक वर जिन्यावर टांगलेले. त्या जागेचा घुमारासुद्धा न्यूयॉर्कच्या पोरांच्या गाण्यात आलाय. म्हणून 'कात्रण'. पेपरचं कात्रण काढलं की कागद नि शाई तीच राहते. झेपेलिनने मात्र गाण्याचे शब्द उचलले, १९२९च्या मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांच्या ब्लूजवरून, आणि वाजवलं स्वतः. दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

भाषांतरवाली : आणि 'नो स्लीप टिल ब्रुकलिन'मध्ये स्लेअर या मेटल बँडचा गिटारिस्ट केरी किंग स्वतः येऊन गिटार वाजवतो, ते?

डग्गा : ते सरळ वादन. कात्रण नव्हे.

पेठकर : 'उचल' म्हटलं की मला ऊसतोडीची उचल आठवते, मुकादमाकडून घेतलेली. 'सॅम्पल'च ठेवा. पुण्यात वडा-सँपल मागताना कुणी शब्दकोश उघडत नाही.

जुनीवही : ते सँपल म्हणजे रस्सा! आधी चवीपुरता द्यायचे म्हणून ते नाव, असं आई सांगायची.

रंकाळा : आमच्या कोल्हापुरात त्याला कट म्हणतात. नागपूरकर तर्री म्हणतील.

जुनीवही : कट मूळचा पुरणाचा. डाळ शिजली की वरचं पाणी काढून त्याची आमटी करतात. एका पदार्थातून काढलेलं दुसऱ्यात घालायचं. 'कट' का नको?

डग्गा : कट म्हटलं की कारस्थान वाटेल.

रंकाळा : मिसळ खाताना कुणाला वाटतं?

भाषांतरवाली : बरं, 'रिफ'ला, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीला, काय लिहू? 'लकेर' फार नाजूक वाटते, सबाथच्या गिटारला शोभत नाही.

पेठकर : कटात तेल किती, ते आधी सांगा.