जुन्या जीपचा बंपर घरीच रंगवायचाय

चिपळूणचा_जीपवाला: माझ्या १९९२च्या महिंद्रा एमएम ५४० जीपचा पुढचा बंपर गंजलाय. गणपतीच्या घाईत वरूनच काळा स्प्रे मारला, दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटले. बायको म्हणते, जीपला खरूज झाली! आता काय करू?

घाटवाट: गंजावर रंग धरतच नाही रे. वायर ब्रशने पत्रा उघडा पडेपर्यंत घास, मग ८० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. थिनरने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) मार. तुमच्या दमट हवेत रात्रभर उघडा ठेवलास तर सकाळी पुन्हा तांबूस. वरचा रंग पातळ, तीन हात.

रानमांजर: बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) मात्र लावू नका हं, २०१७पासून बंदी आहे. अख्खी गाडी दुसऱ्या रंगात रंगवलीत तर आरसीवरही बदल करून घ्या.

चिपळूणचा_जीपवाला: बंपर काढायला गेलो, दोन बोल्ट जाम. डिझेल ओतून ठेवलंय. उद्या बघतो.