लोकांत गेलं की तोंडाला कुलूप, सवयी नऊ दिवस, छंद कपाटामागे. सुरुवात कुठून करू?

कपाटामागची_गिटार

बरेच दिवस नुसता वाचत असतो इथे, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय २७. ऑफिसात लंचला आम्ही आठ जण एका टेबलावर बसतो. सात जण बोलतात, मी हसतो. बोलायचं नसतं असं नाही हो, डोक्यात वाक्य तयार होतं, मी ते दोनदा घोळवतो, एखादा शब्द बदलतो, आणि तोंड उघडेपर्यंत विषय सिनेमावरून कुणाच्या तरी घर शिफ्टिंगवर गेलेला असतो. मग मी फोन काढून हवामानाचं ॲप उघडतो. दिवसातून चार वेळा पावसाचा अंदाज बघतो मी, आणि मी शेतकरी नाहीये. रात्री आडवं झालं की मग दिवसभराचा रिप्ले, अमक्याने विचारलं तेव्हा मी नुसतं 'हो ना' का म्हटलं वगैरे.

दोन महिन्यांपूर्वी म्हटलं आता बास, बदलायचं. ॲप टाकलं, पाच सवयी लावल्या: साडेपाचला उठणं, धावणं, ध्यान, १० पानं वाचन आणि रोज एका अनोळखी माणसाशी बोलणं. (शेवटची वाचून हसू नका.) आठ दिवस सगळे हिरवे टिक, नवव्या दिवशी सर्दी झाली, सकाळी उठलोच नाही. ॲपने मोठ्ठा शून्य दाखवला आणि मी ॲपच उडवलं.

गिटार आहे घरात, दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली. एफ कॉर्डपर्यंत पोचलो, तिथे अडकलो, मग सगळ्यात बारीक तार तुटली, आता ती कपाटामागे उभी आहे. एक ग्रुप दर रविवारी एकत्र जमून वाजवतो असं कळलंय पण वाटतं आधी थोडा कॉन्फिडन्स येऊ दे, मग जाऊ. की आधी सवयी नीट करू? नक्की कुठलं आधी, कुठलं नंतर?

दुसरा_बाक

तुझं ते हवामानाचं ॲप वाचून जाम हसलो, कारण मी पाण्याची बाटली वापरायचो. कुणी माझ्याकडे बघितलं की घोट घ्यायचा. एका पार्टीत बहुतेक दोन लिटर प्यायलो असेन.

तर कामाचं सांगतो. वाक्य आधी घोळवणं, फोन काढणं, बाटली, कोपऱ्यातली खुर्ची, याला थेरपीवाले सेफ्टी बिहेवियर म्हणतात. त्या क्षणी बरं वाटतं हे खरं, पण गोची अशी की काही वाईट घडलं नाही तर त्याचं श्रेय बाटलीला जातं, तुला नाही. त्यामुळे भीती जशीच्या तशी राहते. म्हणून एकदम सगळं सोडू नकोस, एकच सोड. लंचला फोन ड्रॉवरमध्ये ठेवून जा, एवढंच. बोलायची सक्ती करू नकोस स्वतःवर.

आणि बोलायचंच तर वाक्य तयार करण्यापेक्षा प्रश्न विचार. घर शिफ्टिंगचा विषय निघाला ना, मग 'सगळ्यात जास्त त्रास कशाने झाला?' बास. समोरचा पुढची पाच मिनिटं एकटा ओढतो. फक्त एक, त्याने उत्तर दिलं की त्याच उत्तरातला धागा पकडून पुढचं विचार, यादी वाचल्यासारखे नवे नवे प्रश्न नकोत, मग ते इंटरव्ह्यूसारखं होतं. मी केलंय, समोरचा घाबरतो.

रिप्लेबद्दल: २००० साली थॉमस गिलोविच नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग छापून आला होता. विद्यार्थ्यांना एका गायकाचा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट चढवून इतर मुलांच्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं की जवळपास निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असणार, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनाच सांगता आलं. म्हणजे चक्क छातीवर छापलेली गोष्ट तीन चतुर्थांश लोकांना दिसली नाही, आणि तुझं 'हो ना' कोण लक्षात ठेवणार रे.

उशिरा_उठणारा

मी फक्त सवयींवर बोलतो, बाकी माझा प्रांत नाही.

पाच सवयी एकाच सोमवारी सुरू करणं म्हणजे पाच नवीन नोकऱ्या एकाच दिवशी जॉइन करण्यासारखं आहे. आणि ते २१ दिवसांचं खूळ असेल डोक्यात तर काढून टाक. ते मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या एका प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणातून आलं, त्याचं म्हणणं होतं की पेशंटला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातलं 'किमान' वाटेत कुठेतरी गळालं आणि नाकाच्या ऑपरेशनवरून लोक धावण्यापर्यंत पोचले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, २०१० मध्ये छापला गेला, त्यात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसात फरक १८ ते २५४ दिवस. आता तुझ्यासाठी महत्त्वाचं हे की एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नव्हता. तुझ्या सर्दीने काही बिघडवलं नव्हतं, त्या शून्याने बिघडवलं. सलग दिवस मोजणारी ॲप्स माझ्या मते जुगाराच्या जवळची आहेत, पण तो वेगळा विषय.

मी काय केलं सांगतो. धावायचं सोडून दिलं, चालायचं ठरवलं, दहा मिनिटं, आणि ते ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी. हा 'आधी' फार मोठा आहे बरं का. एकदा बूट निघाले आणि सोफ्यावर टेकलो की मला उठवायला क्रेन लागते. बूट पायात असताना मात्र दाराशी पिशवी ठेवून वळायचं असतं फक्त. रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला चिकटव तुझी सवय, घड्याळाला चिकटवू नकोस. दहाची आपोआप पंचवीस मिनिटं झाली काही महिन्यांत, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोजचे साधारण बावीस मिनिटं धरले की खालची रेघ गाठली. साडेपाचला उठायची गरज कुठेच लिहिलेली नाहीये.

ध्यान आणि १० पानं सध्या विसर.

मातीचे_हात

गिटारवाल्या, तू उलट्या टोकाने धरलंयस रे सगळं. कॉन्फिडन्स आला की ग्रुपला जाईन म्हणतोस, पण तो यायचा कुठून, कपाटामागून?

मी चाकावर मातीची भांडी करते, तीन वर्षं झाली. गेले तेव्हा मी तुझ्यासारखीच, किंबहुना जास्तच. पहिल्या दिवशी माती चाकाच्या मधोमध बसवताना हात थरथरत होते, गोळा एका बाजूला पळायचा, बाजूची बाई स्वतःच्या चाकावरची नजर न हलवता म्हणाली, 'कोपर मांडीला टेकवा.' टेकवलं, गोळा स्थिर झाला. आमचं पहिलं बोलणं हे असं, एकमेकींच्या तोंडाकडे न बघता. मनगटापर्यंत हात मातीने भरलेले, त्यामुळे फोन काढायची सोयच नाही, आणि गप्पा थांबल्या तरी कुणाला ओशाळं वाटत नाही कारण प्रत्येकीचं लक्ष आपल्या वाडग्यात. ज्यांना समोरासमोर बसून बोलायला जड जातं त्यांच्यासाठी हातात काम असलेला छंद फार बरा. लंच टेबल ही तर सगळ्यात अवघड परीक्षा आहे, तू तिथूनच सुरुवात करतोयस.

पण घाई नको. जेफ्री हॉल म्हणून अमेरिकेतले एक प्राध्यापक आहेत, त्यांनी २०१८ मध्ये अंदाज मांडला की नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत जातात आणि घट्ट मैत्रीला २०० च्या वर. आता तू हिशोब कर, रविवारी दोन तास धरले तर ५० तासांना २५ रविवार. तिसऱ्या रविवारी 'माझं कुणाशी जमतच नाही' म्हणून परत येशील तर तू फक्त सहा तास घालवलेले असतील! आणि त्यांच्याच म्हणण्यानुसार नुसतं एकत्र काम केल्याचे तास तितकेसे धरता येत नाहीत, त्यामुळे ऑफिसातली वर्षं मोजून वाईट वाटून घेऊ नकोस.

अजून एक, गिटारला त्या सवयींच्या यादीत घालू नकोस बाबा. १९७३ चा एक जुना प्रयोग आहे बालवाडीतल्या मुलांवर, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी मुलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर छानसं प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढत बसली. हिरवा टिक म्हणजे मोठ्यांचं प्रमाणपत्रच. माझे निम्मे वाडगे वाकडे आहेत आणि एकही फोटो मी कुठे टाकत नाही.

मुकाट

सगळे सल्ले ठीक आहेत पण मला एक कळत नाही, कमी बोलणाऱ्या माणसाला दुरुस्त का करायचं? मी ४१ वर्षांचा आहे, लंच एकटा करतो, पुस्तक वाचतो, मजेत आहे. सात जण बोलतायत तर ऐकायला कुणीतरी हवंच की. शांत असणं हा आजार नाही.

दुसरा_बाक

@मुकाट, बरोबर आहे, पण तुम्ही एकटे बसता कारण तुम्हाला आवडतं. तो टेबलावर बसून आतल्या आत जळतोय. फरक तिथे आहे. मी स्वतः वर्षानुवर्षं 'मी शांत स्वभावाचा आहे' म्हणत राहिलो आणि त्या नावाखाली बढतीचा इंटरव्ह्यू टाळला, मित्राच्या लग्नात दाराशीच पाकीट देऊन परत आलो, कस्टमर केअरला फोन करायला नको म्हणून चुकीचं बिल भरून मोकळा झालो. तो स्वभाव नव्हता, ते टाळणं होतं. शेवटी काउन्सेलरकडे गेलो, सीबीटी नावाची थेरपी केली, त्यात भीतीच्या गोष्टींची कमी ते जास्त अशी शिडी करून एकेक पायरी प्रत्यक्ष करायला लावतात. माझी पहिली पायरी होती दुकानात जाऊन 'हे दुसऱ्या रंगात आहे का' विचारणं आणि काहीही न घेता बाहेर पडणं. घाम फुटला होता.

गिटारवाल्या, तुझं इतकं असेल असं वाटत नाही, पण भीतीपायी गोष्टी सुटायला लागल्या असतील तर जा रे, उगाच दहा वर्षं घालवू नकोस माझ्यासारखी. आणि रविवारी गेलास तर लवकर जा. भरलेल्या खोलीत शिरणं कठीण, रिकाम्या खोलीत तू आधीच बसलेला असशील तर लोक तुझ्याकडे येतात.

मुकाट

दाराशी पाकीट... हं. ते मीही केलंय. बघू.

कपाटामागची_गिटार

पाच आठवड्यांनी लिहितोय, सॉरी. सगळ्यांचं दोनदा वाचलं.

तारा बदलून आणल्या. पहिल्या रविवारी गेलो, दारापर्यंत गेलो, आतून हसण्याचा आवाज आला आणि गिटारसकट परत. रिक्षात बसून चक्क हवामान बघितलं. दुसऱ्या रविवारी दुसरा_बाकचं ऐकून वीस मिनिटं आधी पोचलो तर दाराला कुलूप. तिथे अजून एक जण उभा, त्याच्याकडे उकुलेले (छोट्या गिटारसारखं वाद्य). दोघं कुलपाकडे बघत उभे राहिलो. मग तो म्हणाला किल्ली असलेला माणूस नेहमी उशिरा येतो, मी विचारलं मग तुम्ही लवकर का येता, तर म्हणाला नंतर आलं की सगळ्यांसमोरून खुर्ची शोधत जावं लागतं. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून की सांगता येत नाही.

आता चार रविवार झाले, म्हणजे काकूंच्या हिशोबाने आठ तास (काकू म्हटलं तर चालेल ना?). वाजवण्याचं म्हणाल तर मी मागच्या रांगेत, तीन कॉर्ड येतात, एफ आला की हात नुसता हवेत फिरवतो. लंचला फोन ड्रॉवरमध्ये असतो, रोज नाही, पण बहुतेक दिवस. तिथे अजून फार बोलत नाही. परवा शिफ्टिंगवालीला विचारलं की खोके उघडून झाले का, तर ती म्हणाली एक उरलाय आणि त्यात काय आहे तिलाच आठवत नाही, मग सगळेच सुटले त्यात काय असेल यावर. रिप्ले चालू आहे रात्री, जरा छोटा झालाय. चालणं मात्र बूट न काढता रोज होतंय, दोन दिवस बुडाले, मोजत नाहीये.

एकच शंका, डाव्या हाताच्या बोटांची टोकं भयानक दुखतायत, तर्जनीला फोड आलाय. वाजवत राहू की थांबू?

मातीचे_हात

काकू चालेल. गिटारमधलं मला कळत नाही, पण फोड फोडू नकोस.

उशिरा_उठणारा

माझा भाऊ वाजवतो, त्याला विचारलं. फोड बसेपर्यंत दोनतीन दिवस थांब, मग रोज थोडंथोडं, दहा पंधरा मिनिटं, तासभर एकदम नको. काही आठवड्यांत घट्टे पडतील, मग दुखत नाही. गरजेपेक्षा जास्त दाबत असशील असंही म्हणाला, तार गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या (फ्रेटच्या) अगदी जवळ दाबली की कमी जोर लागतो. आणि डाव्या हाताची नखं काप.

कपाटामागची_गिटार

नखं! तरीच.