मदत हवी आहे : राणीछाप रुपयाची कड कशाने गेली असावी?

आजीच्या पेटीत सापडलेल्या १८६२ सालच्या राणीछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असायला हवे, मात्र गुजरीतील सराफाच्या काट्यावर ते ११.२ ग्रॅम भरले. मुकुटाच्या वर, साधारण बोटभर रुंदीत, कडेच्या खाचा पूर्ण नाहीशा झाल्या असून तेथे पिवळसर झाक आणि कानशीचे बारीक ओरखडे दिसतात. उरलेली कड शाबूत आहे. चांदी काढून घेण्यासाठी घासला असता तर तो सगळीकडून झिजला असता, असे मला वाटते. (सराफांनी मात्र वितळवण्याचाच सल्ला दिला.) माळेसाठी डाग देऊन (म्हणजे वितळलेल्या धातूचा सांधा करून) कडी बसवली आणि पुढे कधीतरी ती कानसून काढली, असे घडले असेल का? हा पिवळसरपणा डागाचाच आहे, हे नाण्याला धक्का न लावता भिंगाखाली कसे ओळखावे?