गॉकमधील स्विच : एका तालुक्याची मोजणी पुढच्या तालुक्यात का जाते?

निपाणीकर :
नमस्कार. आमच्या वाचनालयाचे वर्गणीदार तालुक्यांनुसार मोजण्यासाठी मी ऑक या मजकूर हाताळण्याच्या प्रोग्रामिंग भाषेत (घरी तिची गॉक ही जीएनयू आवृत्ती आहे) एक छोटी स्क्रिप्ट लिहिली असून, तिसऱ्या रकान्यातील नाव स्विचला (किमतीनुसार योग्य फांदी, म्हणजे केस, निवडणाऱ्या रचनेला) देऊन खानापूर, चिकोडी आणि हुक्केरी असे तीन केस क्रमाने केले आहेत. घरी ती चालते, पण खानापूरचा एक वर्गणीदार आला की चिकोडी आणि हुक्केरीचे आकडेही एकेकाने वाढतात. वाचनालयातल्या उबंटू लिनक्सवर तर ती सुरूच होत नाही. महिरपी कंसापाशी वाक्यरचना चुकल्याचा संदेश येतो. फाइल तीच, यादीही तीच.

सीमाभाग :
पहिल्या अडचणीचे कारण ब्रेक (स्विचमधून बाहेर काढणारी आज्ञा) न लिहिणे हेच असावे. जुळलेल्या केसपासून गॉक आत शिरतो आणि ब्रेक येईपर्यंत खालच्या सगळ्या ओळी, त्या दुसऱ्या केसच्या असल्या तरी, चालवत जातो. हाच गुण कधी सोयीचाही असतो : यादीत कोणी 'चिकोडी' आणि कोणी 'चिक्कोडी' लिहिले असेल, तर दोन केस एकाखाली एक ठेवून मोजणीची ओळ एकदाच लिहावी.

जुना प्रोग्रामर :
उबंटूवर ऑक म्हणून सहसा मॉक (ऑकचीच दुसरी आवृत्ती) चालतो आणि त्याला स्विच हा शब्दच ठाऊक नाही. तो त्याला साधे चल समजून पुढे जातो आणि कंस उघडताच अडखळतो. स्विच पॉझिक्स या प्रमाण मानकाच्या ऑकमध्ये नाही, ती गॉकची भर आहे आणि २०११ साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून ती मुळातच सुरू असते. म्हणून गॉक बसवून स्क्रिप्ट त्याच नावाने चालवावी. बसवता येत नसेल, तर प्रत्येक नावापुढे त्याची मोजणी ठेवणारा ॲरे (कोष्टकासारखी यादी) करावा, तो सगळीकडे चालतो. नुसती मोजणीच करायची असेल, तर मला तोच अधिक बरा वाटतो.

मात्र केसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना) देता येते, हा स्विचचा खरा फायदा. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलल्यामुळे आपल्या यादीत 'बेळगाव' आणि 'बेळगावी' दोन्ही असणारच. सुरुवातीची खूण (^) लावून 'बेळगाव' एवढाच नमुना दिला, तर एकाच केसमध्ये दोन्ही येतात.

निपाणीकर :
ब्रेक घातल्यावर आकडे जुळले, आभारी आहे. आता वर्गणीच्या प्रकारासाठी १, २, ३ असे केस केले, तर प्रत्येक नोंद डीफॉल्टमध्ये (कोणताच केस न जुळल्यास चालणाऱ्या भागात) जाते.

जुना प्रोग्रामर :
यादीतले आकडे देवनागरीत टंकलेले आहेत का? ऑकच्या दृष्टीने ते आकडे नसून अक्षरे आहेत. केसमध्येही देवनागरी आकडाच दुहेरी अवतरणात लिहा.

निपाणीकर :
होय, देवनागरीतच होते. आता नोंदी बरोबर पडत आहेत.